ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी, ‘अ‍ॅस्पायर’वर घासून बघितलेली

अख्खी डिक्शनरी वाचून रिव्ह्यू कोण लिहिणार, म्हणून मी एकच क्रियापद धरलं, अ‍ॅस्पायर, आणि त्याच्यावर ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी घासून बघितली. हेच का, तर स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींच्या तोंडात दिवसभर अ‍ॅस्पिरंट असतं, यूपीएससी अ‍ॅस्पिरंट, एमपीएससी अ‍ॅस्पिरंट, इन्स्टाच्या बायोत पण तेच, पण त्याचं क्रियापद वाक्यात घाला म्हटलं की निम्मा वर्ग छताकडे बघायला लागतो. मी इंग्रजी व्याकरण शिकवते, त्यामुळे कुठली डिक्शनरी घेऊ हा प्रश्न दर बॅचला ठरलेला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी नेहमीची खिशातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी. तिथं अ‍ॅस्पायरसमोर ‘महत्त्वाकांक्षा बाळगणे, आकांक्षा धरणे’ असं काहीतरी असतं आणि विषय संपतो. अर्थ चुकीचा नाही हो, पण त्याच्या जिवावर पोरगं पेपरात लिहून येतं ‘आय अ‍ॅस्पायर कलेक्टर’, किंवा जरा हुशार असेल तर ‘आय अ‍ॅस्पायर फॉर कलेक्टर पोस्ट’. हे ‘फॉर’ कुठून आलं ते उघड आहे, डोक्यात वाक्य तयार होतं ‘पोस्टसाठी’ आणि साठी म्हणजे फॉर हे शाळेपासून पक्कं घोटलेलं असतं.

आता लर्नर्स डिक्शनरीतली नोंद बघा. नोंद छोटीच आहे, पण अर्थाच्या सोबत वापराचे साचे ठळक टाइपात दिलेत, अ‍ॅस्पायर टू समथिंग आणि अ‍ॅस्पायर टू बी किंवा डू समथिंग, आणि प्रत्येकाखाली एकेक उदाहरण. बस, एवढंच तर पाहिजे होतं! ‘टू’ दोन्हीकडे आहे, पण एकीकडे त्याच्या मागून नाम येतं, अ‍ॅस्पायर टू अ करिअर, अ‍ॅस्पायर टू हाय ऑफिस, आणि दुसरीकडे क्रियापदाचं साधं मूळ रूप, अ‍ॅस्पायर टू बिकम अ जज. दोन्हीची खिचडी झाली की ‘अ‍ॅस्पायर टू बिकमिंग’ होतं, जे मी इतक्या वह्यांत लाल केलंय की आता पेन आपोआप तिकडे वळतं. रिकाम्या जागी योग्य प्रिपोझिशन भरा, या प्रश्नाला हा शब्द अगदी सोयीचा आहे, आणि चार पर्यायांत ‘फॉर’ असतंच असतं, फसवायला.

हे साचे द्यायची पद्धत आली कुठून तर ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज माणूस जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा, त्यानं सहकाऱ्यांबरोबर तिथल्या विद्यार्थ्यांसाठी ही डिक्शनरी केली, ती 1942 मध्ये टोकियोत छापली गेली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं स्वतःच्या नावानं काढली. म्हणजे मुळातच ही घरी इंग्रजी न बोलणाऱ्यांसाठी बनवलेली. क्रियापदाच्या मागून काय येतं, काय येत नाही, यावर हॉर्नबीचा सगळा जोर, कारण परक्या भाषेत आपण तिथंच आपटतो. दहावी आवृत्ती 2020 ची आहे आणि तिच्यात महत्त्वाच्या पाच हजार शब्दांना लेव्हल दिल्यात, त्यात अ‍ॅस्पायर सी-वन म्हणजे बराच वरचा, त्यामुळे नाही आला तर रडू नका, पण आला तर निबंध उठून दिसतो.

अर्थाची छटा मात्र नुसत्या नोंदीवरून कळत नाही, उदाहरणांवरून जरा कळते. उद्या पाऊस पडावा, बस वेळेवर यावी, याला अ‍ॅस्पायर चालत नाही, तिथं होप. अ‍ॅस्पायरला लांबचं, वरचं काहीतरी लागतं आणि ते गाठायची इच्छा मनात बरेच दिवस मुरलेली लागते. शिवाय हा शब्द तसा इज्जतदार आहे. मराठीत आपण ‘खुर्चीवर डोळा आहे’ म्हणतो, ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय’ म्हणतो, त्यातला टोमणा अ‍ॅस्पायरमध्ये नाही. निवडणूक आली की इंग्रजी पेपरात तिकीट अ‍ॅस्पिरंट्स आणि आपल्याकडे ‘इच्छुकांची भाऊगर्दी’, माणसं तीच! आणि बायोडेटात ‘आय अ‍ॅस्पायर टू वर्क इन युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ लिहिणाऱ्यांनो, व्याकरण बरोबर आहे पण ते वाक्य वाचून एचआरवाल्यांचे डोळे मेलेत, बदला ते.

उणीव सांगायची तर आपल्याकडचा वापर तिथं शोधू नका. 2018 मध्ये नीती आयोगाचा अ‍ॅस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट्स कार्यक्रम सुरू झाला, देशातले 112 जिल्हे, त्यात आपले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. इंग्रज माणूस अ‍ॅस्पिरेशनल म्हणतो ते साधारण लोकांना हवंहवंसं वाटणाऱ्या ब्रँडला किंवा लाइफस्टाइलला, आपण ते मागास न म्हणता पुढं जाऊ पाहणाऱ्या जिल्ह्यांना लावलं. त्यात मराठीत त्याचं ‘आकांक्षित जिल्हे’ केलं, म्हणजे शब्दशः ज्या जिल्ह्याची कुणीतरी आकांक्षा धरलीय तो जिल्हा! हिंदीवाल्यांनी ‘आकांक्षी’ केलं, ते जास्त बरोबर. एमपीएससीला हा कार्यक्रम चालू घडामोडीत येणार आणि शब्द व्याकरणात येणार, तेव्हा दोन्ही वेगवेगळे लक्षात ठेवायचे, एवढं तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

वेबसाइट फुकट आहे आणि खरं सांगू तर रोजच्या कामाला तीच वापरते मी. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. आपण सगळे अ‍ॅस्पायर म्हणतो, मीही, पण ऐकलं की कळतं पहिला ‘अ’ अगदी पुसट आहे आणि सगळा जोर ‘स्पाय’वर. शब्दाचं मूळ पण तिथं मिळतं, लॅटिन अ‍ॅस्पिराअरे, एखाद्या गोष्टीकडे श्वास सोडणे. ख, घ, थ, ध या आपल्या महाप्राणांना इंग्रजीत अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात ते त्याच मुळातून, त्यांच्यातही श्वासच जास्त सुटतो ना. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचे पण तोंडासमोर हात धरून ‘क ख क ख’ करून बघतात.

मग पुस्तक घ्यायचं का? ज्याला मोबाइल हातात घेतला की रील्समध्ये तास जातो त्यानं जरूर घ्यावं, बाकीच्यांना वेबसाइट पुरे. जाड आहे, रोज पाठीवर घेऊन अभ्यासिकेत न्यायचा विचारही करू नका. नवीच पाहिजे असं काही नाही, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत सातवी-आठवी आवृत्ती दिसली तर खुशाल उचला, अ‍ॅस्पायरच्या मागचं ‘टू’ तेव्हाही हेच होतं. फक्त ए ते सी ची पानं नीट बघून घ्या, सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झालेले असतात, आणि आतली सीडी गायब असेल तर भाव करायला वापरा, सीडी घालायला हल्लीच्या लॅपटॉपला जागा असते कुठे.