गृहपाठाची नोंद: गूगल क्लासरूम, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की कागदी तक्ता?

दहावीच्या गणिताचा गृहपाठ ट्रॅक करायला माझं तिन्ही वापरून झालंय. आधी व्हॉट्सअ‍ॅप, मग दोन वर्षं गूगल क्लासरूम (गृहपाठ द्यायचं आणि जमा करून घ्यायचं अ‍ॅप) आणि आता कागदी तक्ता. शाळा सुरू झाली की बरेच शिक्षक मित्र विचारतात म्हणून लिहितोय. माझा वर्ग मराठी माध्यमाचा, पट 58, बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांबरोबर ड्युटीवर, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना द्या, पण गृहपाठाचे फोटो मागवू नका. संध्याकाळी सातला एका मुलीचा फोटो ग्रुपवर पडला की नऊपर्यंत तीच गणितं वीस वह्यांत, तिची चिन्हाची चूकसुद्धा जशीच्या तशी. मला तरी ते आवरता आलं नाही.

क्लासरूम खरंच चांगलं आहे. कोणी दिलं, कोणी नाही, कोणी उशिरा दिलं ते आपोआप दिसतं, एकाचं काम दुसऱ्याला दिसत नाही, गैरहजर पोराला घरबसल्या गृहपाठ कळतो, आणि मागच्या वर्षीची पोस्ट पुन्हा वापरता येते. अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांसाठी वर्षाअखेरी नोंदी काढतानाही सोपं जातं.

मग सोडलं का? तर एका गोष्टीसाठी. पाठ्यपुस्तकातला वर्गसमीकरणांचा सरावसंच 2.3 दिला होता, पूर्ण वर्ग पद्धतीचा, सहा गणितं. रात्री बघितलं तर 51 जणांचं काम जमा, मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी सरळ सूत्र पद्धत सुरू केली. आठवड्याने चाचणी घेतली तर निम्मा वर्ग पूर्ण वर्ग पद्धतीतच अडकलेला. फोटो परत उघडून बघितले, आडवे, अंधुक, एकेक झूम करून, तेव्हा कळलं की पहिली तीन बहुतेकांची बरोबर होती आणि चौथ्यापासून सगळं बिघडलेलं. चौथ्यात वाय वर्गाचा सहगुणक 9 आहे, पाचव्यात 2, सहाव्यात एक्स वर्गाचा 5, आणि आधी त्या सहगुणकाने सगळ्या पदांना भागून घ्यायचं असतं हेच पोरांच्या डोक्यात गेलं नव्हतं. 51 जणांनी गृहपाठ दिला हे मला कळलं होतं, चौथ्या गणिताला वर्ग थांबलाय हे नाही. 58 जणांचे फोटो रोज रात्री उघडून बघणं मला जमत नाही, कुणाला जमत असेल तर गोष्ट वेगळी. आठवडाभर पोरं चुकीचं घोटत राहिली ते मात्र मनाला लागलं.

आता प्रत्येक सरावसंचाला एक मोठा कागद. डावीकडे हजेरी क्रमांक, वर गणितांचे क्रमांक. तासाच्या सुरुवातीला कागद बाकांवरून फिरतो आणि पोरं स्वतःच खूण करतात, जमलं तर बरोबर, अडलं तर प्रश्नचिन्ह, केलंच नाही तर आडवी रेघ. पाच-सात मिनिटं जातात, तेवढ्यात मी चार वह्या बघतो. मग तक्ता उभा वाचायचा. ज्या रकान्यात प्रश्नचिन्हं दाटली ते गणित फळ्यावर, बाकीची सोडून द्यायची. यंदा 2.3 ला चौथा रकाना त्याच दिवशी ओरडून सांगत होता.

पोरं खोटी खूण करतात का? सुरुवातीला करतात. मी बरोबर खूण असलेल्या दोघांना रोज फळ्यावर बोलावतो, आणि प्रश्नचिन्हाला कधीच रागावत नाही, रेघेलाही फक्त कारण विचारतो. दिवाळीपर्यंत खुणा बऱ्यापैकी खऱ्या होतात, निदान माझ्या वर्गात झाल्या. त्रास आहे तो वर्षाअखेरच्या बेरजेचा, ती हाताने करावी लागते, आणि कागद हरवला तर संपलं, म्हणून मी रोज त्याचा एक फोटो काढून ठेवतो.

तुमचा पट पंचवीस-तीस असेल, प्रत्येकाकडे फोन असेल आणि रोज प्रत्येक फोटो उघडायला वेळ असेल तर क्लासरूम घ्या, पश्चात्ताप होणार नाही बहुतेक. पण पट पन्नासच्या वर असेल तर एकदा पहिल्या प्रकरणाला, दोन चलांतील रेषीय समीकरणांना, तक्ता लावून बघा. क्रेमरच्या पद्धतीत, म्हणजे सहगुणकांचे निश्चयक मांडून समीकरणं सोडवताना, निश्चयकाच्या चिन्हाला किती जण चुकतात ते त्या रकान्यात लगेच दिसेल.