ऑक्टोपस कार्ड: नाव आठ पायांचं, पोच आठही दिशांना

हाँगकाँगच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या जावईबापूंनी माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. "आई, हे पर्समध्ये असू द्या. रेल्वे, बस, बोट, वाणसामान, सगळीकडे हेच चालतं." कार्डाचं नाव ऑक्टोपस. मी रत्नागिरीत 29 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. पैशांच्या कार्डाला समुद्रातल्या प्राण्याचं नाव का, हे कळेपर्यंत मला चैन पडेना.

शब्द मूळचा ग्रीक. 'ओक्तो' म्हणजे आठ आणि 'पूस' म्हणजे पाय. आपलं 'अष्टौ' शेजारी ठेवून म्हणून पाहा, कानालाच नातं कळतं. 'पूस'ची षष्ठी होते 'पोदोस' आणि आपल्या 'पद्'ची 'पदः'. वर्गात हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. म्हणूनच मराठीतलं 'अष्टपाद' हे मला नुसतं भाषांतर वाटत नाही, एकाच घरातल्या दोन बहिणी वाटतात. इंग्रजीत काही जण 'ऑक्टोपाय' असं अनेकवचन करतात, ते शब्द लॅटिन आहे असं समजून. मुळाला धरून चालायचं तर 'ऑक्टोपोडीझ', आणि रोजच्या बोलण्यात 'ऑक्टोपसेस'. आपलं बरं आहे, एक ऑक्टोपस, दहा ऑक्टोपस.

खरी गंमत लेकीने दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये सांगितली. या कार्डाचं चिनी नाव प्राण्याचं नाहीच. स्थानिक लोक त्याला 'बात-दात-थुंग' म्हणतात. 'बात' म्हणजे आठ. चार बाजूंना वाटा आणि आठ दिशांना पोच, अशा अर्थाचा त्यांचा एक जुना वाक्प्रचार आहे, त्यातून हे नाव आलं. म्हणजे आपल्या अष्टदिशाच की! 1996 साली नावासाठी स्पर्धा घेतली होती म्हणे. कार्ड सुरू झालं 1 सप्टेंबर 1997 ला, हाँगकाँग चीनकडे गेल्यावर दोनच महिन्यांनी. चिनीत आठ दिशा, इंग्रजीत आठ पाय, आणि खूण म्हणून पीळ दिलेल्या फितीचा आकडा 8. दोन भाषांत दोन वेगळी नावं असूनही आठ कुठे सुटलेला नाही. नाव ठेवणाऱ्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

आता वापराबद्दल. तीन आठवड्यांत मला तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. यंत्रावर कार्ड टेकवलं की 'टुट्' असा आवाज येतो आणि किती पैसे गेले, किती उरले ते तिथेच दिसतं. माझं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं, पर्सच टेकवली तरी चालायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला फाटकापाशी थांबून पैसे मोजावे लागत नाहीत, याची किंमत मला विचारा. स्टार फेरीने समुद्र ओलांडला तेव्हाही हेच. ट्राममध्ये मात्र मागून चढायचं आणि पुढून उतरताना कार्ड लावायचं. मी पहिल्यांदा चढतानाच यंत्र शोधत बसले.

कार्डासाठी 50 हाँगकाँग डॉलर अनामत घेतात. शिल्लक थोडी कमी पडली तरी एक प्रवास होऊ देतं आणि तो फरक पुढच्या भरण्यातून वळता होतो. रात्री परतताना आमचं एकदा त्यामुळेच निभावलं. पण साध्या कार्डावर तुमचं नाव नसतं, त्यामुळे हरवलं तर आतले पैसे गेले असंच समजा. जास्त रक्कम भरून ठेवू नका. आणि थोडे सुटे पैसे जवळ हवेतच. कोपऱ्यावरच्या एका नूडल्सवाल्याकडे फक्त रोख चालत होती.

शेवटच्या आठवड्यात ट्रामने शेउंग वानला गेलो. तिथे सुक्या मासळीची दुकानं ओळीने आहेत. वास आला आणि मला थेट आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासळी बंदराची आठवण झाली. एका दुकानात दोरीला चपटे, विटकरी रंगाचे सुके ऑक्टोपस टांगले होते. कमळाच्या कंदांबरोबर घालून त्यांचं सूप करतात. मी जवळ जाऊन एकाचे पाय बोटाने मोजले. आपल्या माकूळाला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असतात, ते दहा भरतात. इथे बरोबर आठ. दुकानातल्या आजींनी माझं मोजणं पाहिलं आणि बोट दाखवून म्हणाल्या, "बात-जाऊ-यू." लेकीने अर्थ सांगितला: आठ नख्यांचा मासा. तोच 'बात'! मी पर्समधून कार्ड काढून त्यांना दाखवलं, त्यावरच्या 8 वर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बात!" आजी खुदकन हसल्या आणि माझ्याबरोबर पुन्हा एकदा सगळे पाय मोजले, त्या त्यांच्या भाषेत, मी माझ्या.

परत निघताना अनामत मिळत होती, मी घेतली नाही. कार्ड घरी आणलं आहे.