दामिनी आणि मेघदूत: अकरा महिने वापरून

निफाडकडे आमची तीन एकर द्राक्षबाग आणि एकरभर उन्हाळ कांदा. गेल्या एप्रिलमध्ये काढलेला कांदा पातीनं झाकून वावरातच होता. दुपारी तीनला अवकाळी कोसळला तेव्हा ताडपत्री घरी. त्याच रात्री हवामान अंदाजाचं मेघदूत आणि विजेचा इशारा देणारं दामिनी, ही दोन्ही ॲप फोनमध्ये घेतली. फुकट आहेत.

मेघदूतमध्ये पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारी पीक सल्ला येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या त्यावर आखल्या, बरं पडलं. जिल्ह्याच्या यलो अलर्टवर मात्र ताडपत्री घेऊन धावू नये, हे चार वेळा कोरडा घाम गाळून कळलं. चूक कोणाची नाही; इगतपुरीचा घाटमाथा आणि येवला एकाच रंगात बसणार तरी कसे? पंचवटीतल्या मावसबहिणीचं बरं आहे. गंगापूर धरणाचा विसर्ग ऐकायचा, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायचं.

खरा उपयोग दामिनीचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप आपल्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. मे महिन्यात बागेत फुटी काढायला पेठच्या बायका होत्या. फोन वाजला. वर लख्ख ऊन. "भाऊ, आभाळात काय बी नाही," मावशी म्हणाल्या आणि हात चालूच. बागेत डोक्यावर तारा, जागोजाग लोखंडी अँगल. मी ओरडूनच सगळ्यांना घरात आणलं, बांधावरच्या चिंचेखाली कोणाला थांबू दिलं नाही. वीसेक मिनिटांत गडगडाट सुरू. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बसवून ठेवलं. दीड तास गेला, हजेरी पूर्ण लावली. ती कापली असती तर पुढच्या वेळी फोन वाजला म्हणून कोण बाहेर आलं असतं? आता मावशीच विचारतात, "वाजला का?"

एकदा वाजलाच नाही. माझ्या फोनच्या बॅटरी सेव्हरनं ॲप झोपवलं होतं. सेव्हर बंद करा, लोकेशन कायम चालू ठेवा. शिवाय माझा फोन बऱ्याचदा पाण्याच्या मोटारीच्या पेटीजवळ टांगलेल्या शर्टात असतो, म्हणून मुकादमाच्या फोनमध्येही टाकून दिलंय. गारपिटीसाठी यावर विसंबू नका, हे विजेचं ॲप आहे.

कांदा परत काढणीला आलाय. यंदा ताडपत्र्या बांधावरच आहेत, दोऱ्या ओवून.