जुना सीबी संच, नवा बोर्ड आणि २९.६०० : तीन महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या शेजारचे आजोबा लॉरी चालवायचे. नोव्हेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये सीबी (सिटिझन्स बँड, सामान्य लोकांसाठीचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ) कायदेशीर झाला, त्याच हिवाळ्यात त्यांनी हा संच घेतला होता. पुढच्या पट्टीवर २७/८१ चा, म्हणजे १९८१ च्या ब्रिटिश नियमाचा शिक्का, चाळीस चॅनेलांचं गोल बटण, ४ वॉट, फक्त एफएम. माळा रिकामा करताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तू हॅम आहेस ना, बघ याचं काही होतंय का." मी मूळची सांगलीची, डर्बीत रेल्वे सिग्नलिंगमध्ये काम करते. रेडिओचा नाद मामाकडून आला. हॅम म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले; त्याची इथली इंटरमिजिएट परीक्षा मी पास आहे. संच १० मीटरच्या हौशी पट्टीवर (२८ ते २९.७ मेगाहर्ट्झ) न्यायचा, हे त्याच संध्याकाळी ठरलं.

त्यासाठी मी जो बोर्ड घेतला त्याबद्दल हे लिहितेय. एक हौशी माणूस घरीच बनवून विकतो, मला ३८ पौंडांना पडला. संचातली सान्योची एलसी७१३७ ही फ्रिक्वेन्सी ठरवणारी चिप काढायची आणि तिच्या जागी हा बोर्ड बसवायचा. मूळ चिपमध्ये चॅनेलांचा तक्ता कारखान्यातच कोरलेला असतो, तो बदलता येत नाही. बोर्डवरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र लॅपटॉपवरून आपल्याला हवा तो तक्ता भरता येतो. मागवण्याआधी झाकण उघडून चिपवरचा नंबर वाचा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या संचांत वेगळी चिप निघते आणि मग हा बोर्ड चालत नाही.

तक्ता भरता येणं का महत्त्वाचं, ते सांगते. असे संच बदलण्याची इथली जुनी रीत म्हणजे चाळीसच्या चाळीस चॅनेल उचलून २९.३१० ते २९.७०० मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवायची. म्हणजे बटण ३० वर आणलं की २९.६००, एफएमची हाक देण्याची जागा. लक्षात ठेवायला सोपं. पण २९.३०० ते २९.५१० हा भाग बँड प्लॅनमध्ये, म्हणजे पट्टीच्या ठरलेल्या वाटणीत, उपग्रहांसाठी राखलेला आहे. पहिली वीस चॅनेल थेट त्यात पडतात, एकविसावं त्याच्या काठावर. आणि चाळिसावं म्हणजे २९.७०० ही पट्टीची कडच. तिथे बोललं तर अर्धा आवाज हौशी पट्टीच्या बाहेर जातो. बोर्डासोबत येणारी तयार फाइल अजूनही हाच जुना तक्ता घेऊन येते. ती आहे तशी वापरू नका. मी १ ते २१ आणि ४० ही चॅनेल फक्त ऐकण्यापुरती ठेवली आहेत. माइकचं बटण दाबलं तरी प्रक्षेपण होत नाही. तक्त्यात एका रकान्यात शून्य लिहिलं की काम झालं. एवढ्या एका सोयीसाठी मी या बोर्डाला पैकीच्या पैकी गुण देईन.

भरण्याचं काम अर्ध्या तासाचं. यूएसबीची वायर जोडायची, ओळी लिहायच्या : ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची शिफ्ट (ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीपासूनचा फरक), टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर). पण ओळींची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. मी ३० क्रमांकाच्या ओळीत २९.६०० लिहिलं, बटण ३० वर ठेवलं, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रोध) प्रक्षेपण केलं तर फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर २९.५९०. सगळा तक्ता एका घराने सरकलेला. काउंटर नसता तर हे कळलंच नसतं, म्हणून तो जवळ नसेल तर आधी कुणाकडून तरी मागून आणा. विक्रेत्याला ईमेल केला, त्याने दोन दिवसांत माहितीपत्रक दुरुस्त करून पाठवलं.

खरा वेळ लागतो तो संच जुळवायला, आणि माहितीपत्रकात त्याला जेमतेम अर्धं पान दिलंय. संच २७.६ ते २८ साठी बनवलेला, आपण त्याला सहा-साडेसहा टक्के वर नेतोय. मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिली व्हीसीओच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी निर्माण करणाऱ्या भागाच्या, कॉइलवर गेली. आतला फेराइटचा गाभा पार वर काढला तरी लूप धरेना, म्हणजे फ्रिक्वेन्सी स्थिर होईना. शेवटी तिथला ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून ३९ चा लावला, तेव्हा धरला. दुसरी संध्याकाळ प्रक्षेपणाच्या कॉइलची. सुरुवातीला जेमतेम दीड वॉट मिळत होता. एकेक कॉइल २९.६०० वर शिगेला आणत गेल्यावर ३.८ पर्यंत पोचला. तिसरी ऐकण्याच्या बाजूची. चाळीस वर्षांपूर्वीचं मेण गाभ्यांवर घट्ट बसलेलं असतं. हेअर ड्रायरने ते मऊ करा आणि प्लास्टिकच्याच ट्रिमिंग टूलने फिरवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने गाभा तडकतो, शिवाय लोखंड जवळ असेपर्यंत जुळवणीही चुकीची दिसते. १०.२४० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा ट्रिमर सगळ्यात शेवटी, संच वीस मिनिटं तापल्यावर. माझा ७०० हर्ट्झ वर होता.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मागच्या बाजूला आहे. १९८१ च्या नियमाप्रमाणे या संचांना शक्ती १० डेसिबलने उतरवायचा एक स्विच असायचा, अँटेना उंचावर असेल तर दाबायचा. बोर्डावर शिफ्टसाठी एक पिन आहे, ती मी याच स्विचला जोडली. आता तो दाबला की बोलणं १०० किलोहर्ट्झ खाली जातं, म्हणजे रिपीटरला (सिग्नल घेऊन पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राला) लागतं तसं. पट्टीला एकही नवीन भोक पाडावं लागलं नाही. आजोबांचा संच बाहेरून जसा होता तसाच राहिला याचं मला फार समाधान आहे.

अँटेना म्हणून त्यांचाच पाव तरंगलांबीचा उभा दांडा वापरला, १६ सेंटिमीटर कापून. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप, १ म्हणजे उत्तम) २.४ वरून १.२ वर आला.

भारतातल्या मित्रांसाठी एक सूचना. तिथे बिनपरवाना सीबी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्येच आणि ५ वॉटपर्यंत चालतो, त्यामुळे ब्रिटनचा २७/८१ संच मुळात त्यात बसतच नाही. बदलल्यावर तर तो हौशी संच होतो आणि हौशी परवाना हवाच. सामानातून भेट म्हणून नेऊ नका. इथेही तेच : सीबीला २००६ पासून लायसन्स लागत नाही, १० मीटरला लागतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी साडेतीनला आजोबांना चहाला बोलावलं होतं. संच २९.६२० वर नुसता ऐकत होता आणि न्यूयॉर्क राज्यातला रिपीटर स्वच्छ उघडला. मागचा स्विच दाबला, हाक दिली. दुसऱ्या हाकेला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका बाईंनी उत्तर दिलं. चार वॉटही नव्हते. मी संच कोणता ते सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मूळ मालक तिथे आहेत का?" माइक माझ्याच हातात होता, म्हणून आजोबा सांगत गेले आणि मी पोचवत गेले : लॉरी कुठली, रस्ता कुठला, आणि रात्री या संचावर त्यांना कुणी कुणी साथ दिली. सात मिनिटांनी सिग्नल विरत गेला. आजोबांनी बटणावरचा बत्तीस आकडा अंगठ्याने पुसला आणि चहा गार झाला म्हणून दुसरा मागितला.