फिगरच्या (संग्रहातल्या प्लॅस्टिकच्या छोट्या पुतळ्यांच्या) धुळीसाठी कॅमेऱ्याचं क्लिनिंग किट: ब्लोअर उत्तम, बाकीचं कामाचं नाही

5 पैकी 3 तारे, आणि ते सगळे रबरी ब्लोअरचे, म्हणजे दाबून हवा मारायच्या फुग्याचे.

200 ते 400 रुपयांच्या या किटमध्ये ब्लोअर, ब्रश, मायक्रोफायबरचं फडकं, कापसाच्या काड्या आणि लेन्स पुसायचं लिक्विड येतं. सगळं काचेसाठी बनवलेलं. फिगरच्या केसांच्या बटा, तलवारीचं टोक किंवा डायकास्ट (धातूच्या छोट्या) गाडीचे आरसे सांभाळायचे तर यातलं फार थोडं उपयोगी पडतं.

ब्लोअर घेताना मागे हवा आत घेणारी वेगळी झडप आहे का, ते बघाच. फुगा दाबा, नळीचं तोंड बोटाने बंद करा आणि मग सोडा. फुगा पुन्हा भरला तर झडप आहे. नसेल तर समोरची धूळ नळीतूनच आत ओढली जाते आणि पुढच्या दाबाला पुन्हा फिगरवर येते. नव्या फुग्यात कधी कधी पांढरी पावडर असते, म्हणून आधी काळ्या कागदावर 10-15 वेळा फुंकून बघा. मग 4-5 सेंटिमीटरवरून, तिरकी हवा, वरून खाली. दाबाच्या हवेचा डबा मात्र नको. तो जरा कलला की बर्फासारखं गार लिक्विड उडतं आणि रंगाला तडे जाऊ शकतात.

किटचा ब्रश आखूड आणि ताठ आहे. मॅट रंगावर त्याने चकाकणारे ओरखडे पडतात. त्याऐवजी मेकअपचा मऊ, लांब केसांचा कोरा ब्रश घ्या. पापणीवर फिरवून टोचला नाही तर चालेल. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर मास्किंग टेप गुंडाळा, कारण चरे त्या पट्टीनेही पडतात. बारीक भागाला मागून बोटाचा आधार हवाच. मायक्रोफायबर टोकांना अडकतं, शिवाय कोरडं घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होऊन धूळ पुन्हा चिकटते.

लिक्विडची बाटली तर उघडूच नका. अशा लिक्विडमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं आणि त्याने ॲक्रेलिक रंग सुटतो. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हरही तितकेच घातक.

सांगलीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती हळदीची. मार्केट यार्डाच्या किंवा हळद दळणाऱ्या गिरण्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी पांढऱ्या फिगरला आधी ओला हात लावू नये. कोरडी भुकटी ब्लोअरने उडते; ओली केली की पीव्हीसीत, म्हणजे फिगरच्या प्लॅस्टिकमध्ये, मुरते. नुसत्या पाण्याने ती निघत नाही आणि कपड्याचा साबण लावला तर डाग लालसर होतो, चुन्याने हळदीचं कुंकू होतं तसा. हळदीचा डाग उन्हात उडतो हे खरं, पण फिगर उन्हात ठेवली तर तिचे रंगही उडतात आणि मऊ झालेली तलवार वाकते.

जुनी पीव्हीसी चिकट झाली असेल तर तिथे ब्लोअर चालत नाही. प्लॅस्टिक मऊ ठेवणारा तेलकट घटक पृष्ठभागावर आलेला असतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे 2 थेंब टाका, ब्रशने हलकेच धुवा, साध्या पाण्याने खळखळून घ्या. स्टिकर, लोहचुंबक किंवा दिवा असलेले भाग बुडवू नका. सांध्यांतलं पाणी ब्लोअरनेच बाहेर काढा आणि सावलीत वाळवा. हे काम पावसाळी हवेत काढू नका, सांधे लवकर सुकत नाहीत.

झडपवाला ब्लोअर सुटा मिळत असेल तर तोच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला ब्रश आणा.