साताऱ्याच्या रानातला विंडसॉक: दिशा खरी, जोर फसवा

वाढे फाट्याच्या पुढे एका परिचित शेतकऱ्याच्या पडीक रानात आम्ही चार-पाच जण गेली दोन वर्षे रविवारी सकाळी रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवतो. रोलर फिरवून तयार केलेली आमची धावपट्टी 90 मीटर लांब आहे. होकायंत्राने तिची दिशा 268 अंश भरते. धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला तिच्या दिशेवरून आकड्याचे नाव देतात: दिशा जवळच्या दहाच्या पटीत आणून शेवटचे शून्य सोडले की 27 मिळतात आणि त्यातून 18 वजा केले की समोरच्या टोकाचा आकडा 09 येतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे आकडेही हेच आहेत, याचा आम्हाला उगाचच अभिमान वाटतो. कोणत्या टोकाकडून उडायचे हे इतके दिवस आम्ही चिमूटभर वाळके गवत हवेत सोडून ठरवत होतो. मार्च महिन्यात पुण्यातील एका दुकानातून 1,850 रुपयांना विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, मागवला. तो सहा महिने वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

वस्तू दिसायला देखणी आहे. दीड मीटर लांबीची, टोकाकडे निमुळती होत जाणारी नायलॉनची पिशवी, तिच्यावर नारिंगी आणि पांढरे असे एकाआड एक पाच पट्टे, तोंडाशी तारेचे कडे आणि खांबावर फिरण्यासाठी एक बेअरिंग, एवढाच तिचा संसार. पट्ट्यांची रचना खऱ्या विमानतळांवरच्या विंडसॉकसारखीच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो किमान 3.6 मीटर लांब आणि तोंडाशी किमान 0.9 मीटर व्यासाचा असावा लागतो, दोन रंगांचा असल्यास त्यावर पाच पट्टे असतात आणि पहिला व शेवटचा पट्टा गडद रंगाचा असतो. दुकानदाराने रंग आणि पट्टे नियमाप्रमाणे घेतले आणि कापड मात्र आपल्या मर्जीने निवडले. माझ्या तक्रारीचे मूळ तिथेच आहे.

प्रमाणित विंडसॉक साधारण 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर वाऱ्यात पूर्ण आडवा होतो आणि ताठ झालेला प्रत्येक पट्टा अंदाजे 3 नॉटचा धरतात. आम्हीही हाच हिशोब लावला. पहिल्याच रविवारी पाचही पट्टे ताठ पाहून आम्ही विमाने गाडीतून बाहेरही काढली नाहीत आणि फाट्यावर मिसळ खाऊन घरी परतलो. पुढच्या आठवड्यात मित्राचे वारा मोजण्याचे हातातले यंत्र शेजारी धरले, तेव्हा उलगडा झाला. हा विंडसॉक ताशी 9 ते 10 किलोमीटर वाऱ्यातच पूर्ण ताठ होतो आणि त्यापुढे वारा 12 असो की 30, त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. खात्रीसाठी तो एकदा चाळकेवाडीच्या पठारावरही नेला. तिथल्या पवनचक्क्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात, त्यामुळे दिशेचा पडताळा आपोआप मिळतो, आणि दिशेच्या बाबतीत आमचा विंडसॉक त्यांच्याशी पूर्ण जुळला. मात्र पाती जेमतेम हलत होती, तेव्हाही हा गडी छाती काढून आडवा होता. पवनचक्कीला वीज देण्यासाठी सर्वसाधारणपणे सेकंदाला 3 ते 4 मीटर तरी वारा लागतो, हे लक्षात घेतले की ह्या ताठपणाची किंमत कळते.

जोराचा अंदाज चुकला तर एवढे काय बिघडते, असे कोणाला वाटेल, म्हणून थोडा हिशोब मांडतो. पंखांना उचल मिळते ती हवेच्या सापेक्ष वेगातून. चाके जमिनीवर किती वेगाने धावतात याच्याशी पंखांना देणेघेणे नसते. माझे विमान हवेच्या सापेक्ष ताशी 36 किलोमीटर वेगाला उचलते. वारा अगदी पडलेला असेल तर त्याला सुमारे 20 मीटर धाव लागते. समोरून 12 किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवर 24 चा वेग पुरतो आणि धाव 9 मीटरांवर येते. तोच वारा पाठीमागून असेल तर 48 चा वेग गाठावा लागतो आणि धाव 36 मीटरांपर्यंत जाते. वेग दुप्पट झाला की धाव चौपट होते, कारण धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठ्या प्रवासी विमानाच्या वेगापुढे 12 किलोमीटरचा वारा किरकोळ असतो, आमच्या विमानाच्या तो एक तृतीयांश असतो. म्हणून धावपट्टीचे टोक निवडण्याची चूक छोट्या विमानाला जास्त महागात पडते. मोठ्यांनाही ती माफ आहे असे नाही. चार आसनी सेसना 172 च्या पुस्तिकेत समोरच्या वाऱ्याच्या दर 9 नॉटला अंतर 10 टक्क्यांनी कमी धरायला सांगितले आहे आणि पाठीच्या वाऱ्याच्या मात्र दर 2 नॉटलाच 10 टक्क्यांनी वाढवायला. उतरतानाही गणित तेच असते. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरील ओल्या धावपट्टीवर पाठीचा वारा असताना उतरलेल्या विमानाची चाके जवळजवळ मध्यावर टेकली, ते टोकापलीकडे घसरून खाली कोसळले आणि 21 जणांचा जीव गेला. त्या अपघातामागे वारा हे एकमेव कारण नव्हते, पण उरलेली धावपट्टी खाणाऱ्यांत तोही होता.

दिशा खरी असे वर म्हटले, त्याला एक अपवाद जोडावा लागतो. मे महिन्याच्या अखेरीस बेअरिंगमध्ये धूळ जाऊन ते अडकू लागले. एका सकाळी विंडसॉक पश्चिमेचा वारा दाखवत राहिला आणि वारा दरम्यान पूर्वेला फिरला होता. (नवख्यांसाठी सांगतो: पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. विंडसॉकचे तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूला उडायचे असते. शेपटीच्या मागे धावणारे बरेच जण पाहिले आहेत.) मी 27 वरून, म्हणजे पश्चिमेकडे, विमान सोडले. ते पट्टीचे टोक आले तरी नीट उचलेना आणि शेवटी ज्वारीच्या धसकटात नाक खुपसून थांबले. पंखा मोडला, पुढचे चाक निखळले. दुकानदाराला फोन केला, तेव्हा बेअरिंग हमीत येत नाही, असे उत्तर मिळाले. आता तिथे साधे बंद बॉल बेअरिंग बसवले आहे आणि तेव्हापासून तक्रार नाही.

आडव्या वाऱ्यासाठी मात्र ही वस्तू खरोखर उपयोगी पडली. गवत सोडून वाऱ्याचा धावपट्टीशी होणारा कोन ठरवता येत नसे, विंडसॉककडे पाहून तो बऱ्यापैकी ठरतो. कोन 30 अंशांचा असेल तर वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो, 45 ला सुमारे सात दशांश आणि 60 ला जवळपास नऊ दशांश. आमची एकच पट्टी असल्याने वारा यवतेश्वरच्या बाजूने तिरका आला की दोन टोकांपैकी कमी वाईट ते निवडायचे, एवढेच हाती असते आणि 60 अंशांच्या पुढे आम्ही चहाचा थर्मास उघडतो.

पावसाळ्यात दुसरी अडचण कळली. शेजारच्या रानातला ऊस डोक्याच्या वर गेल्यावर आमच्या तीन मीटरच्या खांबावरचा विंडसॉक उसाच्या आडोशाला येऊन गरगरू लागला. आसपासच्या वस्तूंमुळे हवा जिथे ढवळते तिथे तो लावू नये, असा विमानतळांसाठीही नियम आहे, पण सोबतच्या सूचनापत्रात खांबाच्या उंचीबद्दल एक अक्षर नाही. आम्ही भंगारातून पाइप आणून खांब सहा मीटरचा केला.

माझे मत असे की, फक्त दिशा हवी असेल आणि बेअरिंग बदलण्याची तयारी असेल तर 1,850 रुपये फार नाहीत. पट्टे मोजून जोर वाचायचा असेल तर ही वस्तू घेऊ नये. आम्ही त्याच कड्यावर साताऱ्यातल्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी तशाच मापात शिवून घेतली आहे. ती ताशी 20 किलोमीटरला पूर्ण ताठ होते आणि कोणता पट्टा किती वाऱ्याला उचलतो हे यंत्राने मोजून खांबावर रंगाने लिहून ठेवले आहे. शिलाई आणि कापड धरून 420 रुपये झाले.