पंप लावायचा की नाही? घरच्या बादलीतलं डीप वॉटर कल्चर आणि क्रॅट्की पद्धत

बाल्कनीत मातीविना पालेभाजी करायची म्हटलं की दुकानदार आधी पाइपांचं उभं स्टँड दाखवतो. दिसतं छान. पण त्यात मुळांपाशी पाण्याचा साठा जवळजवळ नसतोच. पातळ धार फिरत राहिली तरच रोप जगतं. मे महिन्यातल्या दुपारी तास-दोन तास वीज गेली की रोपं माना टाकतात. घरच्या पहिल्या प्रयोगासाठी ते स्टँड मी कुणालाही सुचवणार नाही. खरी निवड आहे ती दोन साध्या बादल्यांमध्ये.

दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. उजेड आत न जाणारी बादली, झाकणाला भोक, भोकात नेट पॉट म्हणजे जाळीदार छोटी कुंडी, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) आणि खाली खतपाण्यात लोंबणारी मुळं. फरक आहे तो मुळांना प्राणवायू कुठून मिळतो याचा. डीप वॉटर कल्चरमध्ये फिशटँकचा एअर पंप रात्रंदिवस पाण्यात बुडबुडे सोडत असतो. क्रॅट्की पद्धतीत पंपच नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी ही पद्धत मांडली. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते आणि वर मोकळ्या झालेल्या दमट जागेत बारीक, केसाळ मुळं फुटतात. ती हवेतून श्वास घेतात, खालची मुळं पाणी आणि खत घेतात.

पाणी वरून घालताना

निर्णय इथे होतो, म्हणून हे नीट पाहा. क्रॅट्कीच्या बादलीतलं पाणी अर्ध्यावर आलं की हात शिवशिवतो, चला भरून टाकू! तसं करू नका. वरची मुळं एकदा हवेची झाली की ती पाण्याखाली जगत नाहीत. काठोकाठ भरलेल्या बादलीतलं धडधाकट रोप एक-दोन दिवसांत मलूल होतं. घालायचंच झालं तर तळाची थोडी पातळी वाढेल एवढंच, हवेची जागा राखून.

त्यामुळे एकदाच कापायच्या पिकाला क्रॅट्की उत्तम. लेट्यूसच्या एका रोपाला साधारण 4 लिटर पाणी धरा. सुरुवातीला नेट पॉटचा तळ भिजेल इतकं भरा आणि काढणीपर्यंत बहुतेक वेळ नुसतं बघत राहा. पण पालक, पुदिना, तुळस आपण महिनोन्‌महिने खुडत राहतो. टोमॅटोचं मोठं रोप तर उन्हाळ्यात दिवसाला एखाद-दोन लिटर पाणी सहज पितं. तिथे क्रॅट्कीत सतत पातळीचा हिशेब करत बसावं लागतं. पंपाच्या बादलीत ही धास्ती नाही. पाणी कमी झालं, घातलं. खत बदलायचं, बदललं.

उन्हाळा

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना एका लिटरात सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यातल्या मुळांची भूक वाढलेली असते आणि पिथियम नावाचा मूळकुज लावणारा बुरशीसारखा रोगजंतूही जोरात असतो. पंप इथे मदत करतो, पण पाणी थंड करत नाही. तो खोलीतलीच गरम हवा आत ढकलतो. म्हणून बादली कोणतीही असो, तिला ऊन लागू देऊ नका. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा थर्माकोलच्या खोक्यात बसवा. पानांना ऊन, बादलीला सावली.

मुळं तपासायची खूण सांगतो. खताच्या रंगामुळे निरोगी मुळंही चहासारखी तांबूस दिसतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. घट्ट लागलं तर ठीक. वरची साल बुळबुळीत होऊन हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, वासही कुबट असेल, तर ती कूज आहे. बादली रिकामी करून घासा, पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) बदला आणि नवं पाणी भरा. रोप फारच गेलं असेल तर वाचवत बसू नका.

लेट्यूससाठी आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ; उकाड्यात ते तुरा काढतं आणि कडू होतं. मार्चनंतर पुदिना, तुळस, माठ यांच्याकडे वळा.

वीज आणि पंप

5 वॉटचा पंप अखंड चालला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या जवळपास जातात, तेव्हा बिलाची चिंता नको. चिंता आहे ती भारनियमनाची. बादलीत पाणी असल्याने रोप लगेच कोमेजत नाही, पण उन्हाळ्यात काही तासांत मुळांची घुसमट सुरू होते. इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या. नसेल तर पाण्याची पातळी नेट पॉटच्या चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा. थोडी मुळं हवेत राहतात आणि वीज गेली तरी तग धरतात.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. खाली ठेवला तर वीज जाताच नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डात शिरतं. वर टांगायला जागा नसेल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. फिशटँकच्या दुकानात मिळतो. पंपाची घरघर झोपायच्या खोलीला लागून असली तर त्रास देते, हेही ठरवताना धरा.

दोन्हीकडे सारखंच

शेतीच्या दुकानातलं 19:19:19 एकटं पुरत नाही. त्यात कॅल्शियम नाही आणि बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, जो पाण्यातल्या मुळांच्या फारसा कामाचा नाही. हायड्रोपोनिक्सची अ आणि ब अशी दोन भागांची खतं घ्या. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतू नका, खाली गाळ बसतो. आधी एक पाण्यात ढवळा, मग दुसरं. पालेभाजीला ईसी (पाण्यात किती खत विरघळलंय याचं माप) 0.8 ते 1.2 आणि पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) 5.5 ते 6.5 पुरे. बोअरच्या जड पाण्यात पीएच पुन्हा पुन्हा वर चढतो, तिथे मीटरशिवाय काम करू नये. पंपाच्या बादलीतलं पाणी दोन-तीन आठवड्यांनी बदला आणि जुनं कुंड्यांना घाला.

डासांचं मात्र क्रॅट्कीवाल्यांनी जास्त मनावर घ्यावं. तिथलं पाणी स्थिर असतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नेट पॉट भोकात घट्ट बसला पाहिजे, रिकामं भोक बुचाने बंद पाहिजे. डेंग्यूच्या दिवसांत इथे ढिलाई नको.

मग कुठली?

दिवसभर घर बंद असेल, गावाला जाणं-येणं असेल किंवा वीज बेभरवशाची असेल तर क्रॅट्की, आणि तीही हिवाळ्यात लेट्यूसपासून. घरात रोज कुणीतरी बादलीकडे बघणारं असेल, पुदिना-पालक सतत खुडायचा असेल किंवा टोमॅटो-मिरचीची हौस असेल तर पंपाला पर्याय नाही. बहुतेकांनी पहिला हंगाम क्रॅट्कीत काढावा असं माझं मत आहे. झाकण तयार करतानाच कडेला एअर पंपाच्या नळीपुरतं भोक पाडून बुचाने बंद ठेवा. नंतर पंप लावावासा वाटला तर नवी बादली लागणार नाही. फक्त वाढलेल्या रोपाखाली बुडबुडे सुरू करताना पाण्याची पातळी आहे तिथेच ठेवा. बादली भरायची ती पुढचं रोप लावताना.